बेटर दॅन मुलुंड

"बबन इज — दॅन —."

ताईने फळ्यावर लिहिलेली ही शेवटची ओळ. बबन म्हणजे मी. ताई म्हणजे शालनताई, माझी सख्खी मोठी बहीण. संध्याकाळी मरोळमध्ये इंग्रजीचा वर्ग घ्यायची. त्या दोन रेघांच्या जागी ती काय लिहिणार होती? माझं वर्गातल्या सगळ्यांना विचारून झालं. नामदेव म्हणतो, "फास्टर असेल." हिराबाई म्हणते, "येड्याला इंग्रजीत काय म्हनतात ते असेल." खरं उत्तर कुणाकडेच नाही. ताई जाऊन दीड महिना झाला. तिने ती ओळ लिहिली त्या शनिवारी सकाळी आमचं भांडण झालं होतं, आणि बोललो तो मी होतो. म्हणून मला ते कळायला हवं होतं.

आता आम्ही वर्गातले चारपाच जण भेटलो की कुणीतरी म्हणतं, "ते आठवतं का रे?" झालं! एक किस्सा निघाला की त्याच्या खालून दुसरा. मी साकीनाक्याला लोखंडी कपाटांच्या कारखान्यात स्प्रे पेंटर आहे. आमच्या रंगाच्या खोलीची भिंत अशीच आहे. कपाटावर मारलेला रंग रोज थोडाथोडा भिंतीवर उडतो. खिळ्याने खरवडलं तर वर राखाडी, खाली हिरवा, त्याखाली मोतिया, आणि अगदी खाली कधीचा कुणास ठाऊक, निळा. किस्से तसेच एकावर एक बसलेत. म्हटलं, लिहून टाकू. मी सहावीतून शाळा सोडलेला माणूस. यातल्या चुका वर्गातल्या कुंदाने काढल्यात. राहिल्या असतील तर त्या तिच्या!

*

वर्ग व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत भरायचा. सहा ते साडेसात. पुढे पोरं जोर काढताहेत, हुं हुं करताहेत, आणि मागे आम्ही ओरडतोय, "टॉल, टॉलर, टॉलेस्ट!" ताई दिवसभर एका ऑफिसात टायपिस्ट होती. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा तिने कॉलेज सोडून ती नोकरी धरली. शिकायचं राहिलं म्हणून शिकवायला लागली, असं ती म्हणायची.

फळा मी आणला. कारखान्यात एका कपाटाच्या दाराला पोचा आला होता. माल रिजेक्ट. शेठला विचारून ते दार घेतलं, पोचा ठोकून काढला, वर काळ्या मॅट रंगाचे दोन हात मारले. झकास फळा! हँडलचं भोक तेवढं राहिलं. ताईने त्यात दोरी ओवून डस्टर टांगला.

पहिल्या दिवशी पाटकरमामा फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मामा मालवणकडचे. आधी गिरणीत, मग एका कंपनीच्या गेटवर वॉचमन.

"बाय," ते ताईला म्हणाले, "ह्यां कपाट उघडतला कदी?"

"तुम्ही शिकलात की उघडेल, मामा!"

*

ताईचे नियम दोन. पहिला, नुसतं पाठ करायचं नाही. कामावरून तीन वस्तू आणायच्या, टेबलावर मांडायच्या, त्यांच्याकडे बघून बोलायचं. दुसरा, "बिगर" म्हटलं की कशापेक्षा ते सांगितल्याशिवाय खाली बसायचं नाही.

नामदेव लेथ मशीनवर टर्नर. बोलायचा कमी, मोजायचा जास्त. एकदा ताईने तीन खडू धरले. "लाँग, लाँगर, लाँगेस्ट."

नामदेवचा हात वर. "ताई, मधला आणि शेवटचा सारखेच आहेत."

"अरे, हा मोठा दिसतोय ना?"

"दिसण्यावर जाऊ नका." त्याने खिशातून व्हर्नियर काढला! दोन्ही खडू मोजले. "इतका फरक आमच्याकडे चालतो. याला लाँगर म्हणता येणार नाही."

ताईने गुपचूप मधल्या खडूचा तुकडा मोडला. "आता?"

नामदेवने पुन्हा मोजलं. तोंड वाकडं केलं.

"आता रिजेक्ट."

तेव्हापासून कुठलंही वाक्य लिहिलं की ताई आधी त्याच्याकडे बघायची. "नामदेव, पास का रे?" तो मान हलवेपर्यंत वर्ग पुढे जात नसे.

*

पाटकरमामांचा किस्सा तर मी कितीदा सांगितलाय!

ताईने एकदा आम्हाला वयाप्रमाणे रांगेत उभं केलं. यंगेस्ट कुंदा. शेवटी, भिंतीला लागून, मामा. ओल्डेस्ट. मामा उभे राहीनात.

"मी ओल्डेस्ट नाय."

"मामा, वर्गात तुम्हीच सगळ्यांत मोठे."

"वर्गात आसंन. पण गावाक माझो थोरलो भाव जितो आसा. तो आसताना मी ओल्डेस्ट कसो होतलंय? त्याका कळला तर काय वाटात?"

ताईने परोपरीने सांगितलं, की फक्त या खोलीतल्यांचं बोलतोय. मामांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलवली, आणि भिंतीपासून एक पाऊल अलीकडे सरकले. त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये एका माणसाची जागा. "ही दादाची," म्हणाले.

पुढे जेव्हा जेव्हा रांग लागली तेव्हा तेव्हा ती जागा रिकामी. कुणी चुकून तिथे टेकलं तर ताईच ओरडायची, "ए, दादांच्या अंगावर काय उभा राहतोस!"

दोन वर्षांनी मामांचा भाऊ डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आला. मामा त्याला हाताला धरून थेट वर्गात घेऊन आले आणि भिंतीला टेकवून उभं केलं. डोळ्याला हिरवी पट्टी, अंगात नवीन सदरा. ताईने हात करून म्हटलं, "ओल्डेस्ट!" आम्ही टाळ्या वाजवल्या. म्हातारा बावरला.

"माका हय कित्याक उभो केलंस रे?"

"तुझी जागा आसा ती, दादा," मामा म्हणाले. "मी सांभाळून ठेवलेली."

*

हिराबाई मरोळच्या मच्छीबाजारात बसते. नव्या बिल्डिंगमधल्या मॅडम इंग्रजीत घासाघीस करायला लागल्या म्हणून ती वर्गाला आली. तीन वस्तू आणायच्या म्हटल्यावर तिने तीन पापलेटं आणली. त्या दिवशी व्यायामशाळेतली पोरंसुद्धा वास घेत आमच्या वर्गात!

"फ्रेश, फ्रेशर, फ्रेशेस्ट" तिला फारच आवडलं. दुसऱ्याच दिवशी बाजारात तिने तीन वाटे लावले आणि प्रत्येकापुढे पाटीवर एकेक शब्द लिहून ठेवला. संध्याकाळी तणतणत आली.

"शालन, तुझ्या इंग्रजीने माजी वाट लावली! सगल्या मॅडम फ्रेशेस्ट उचलून गेल्या. दोन वाटे तसेच पडून रायले."

"पण मावरं वेगवेगळं होतं का?"

"नाय गो! सगला एकाच होडीचा."

"मग तीन पाट्या कशाला लावल्यास?"

"तूच तर सांगितलंस तीन करायच्या!"

दुसऱ्या दिवशी तिने तिन्हींवर फ्रेशेस्ट लिहिलं. ताई म्हणाली, "हिराबाई, तिन्ही वाटे फ्रेशेस्ट कसे असतील? कुठलातरी एकच असतो."

"तुझ्या पुस्तकात असेल एक. माझ्या टोपलीत तिन्ही हायेत. ये बगायला."

आमची ताई चूक सोडणारी नव्हे. रविवारी पिशवी घेऊन गेली. प्रत्येक वाट्यातलं एकेक पापलेट आणलं. आईने ती वेगवेगळी तळली. ताईने तिन्ही खाल्ली, पुन्हा एकदा खाल्ली, माझ्या ताटातलीसुद्धा चाखली.

सोमवारी फळ्यावर एकच ओळ होती. "हिराबाई इज राइट."

*

कुंदा आमच्यात लहान. औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. सांताक्रूझला विमानतळाजवळच्या एका दुकानात मुली हव्या होत्या, इंग्रजी बोलणाऱ्या. ताईने तिची महिनाभर तयारी करून घेतली. "घाबरायचं नाही. समोर जे दिसतं त्याबद्दल बोल. आणि दॅन विसरू नकोस."

इंटरव्ह्यूला दहाची वेळ. कुंदा साडेनऊला हजर. साहेब आले पावणेअकराला. बसले, घाम पुसला, आणि पहिलाच प्रश्न, "आर यू पंक्च्युअल?"

कुंदाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साहेबाकडे बघितलं. समोर जे दिसतं त्याबद्दल बोलायचं होतं.

"मोअर पंक्च्युअल दॅन यू, सर!"

नोकरी लागली! वर्गात येऊन तिने हे सांगितलं तेव्हा ताईने डोक्याला हात लावला. मग विचारलं, "दॅन विसरली नाहीस ना?"

*

आता माझा.

मी वर्गासाठी पाटी रंगवली. पिवळ्यावर लाल. "बेस्ट इंग्लिश क्लास." ताईने वाचलं.

"बेस्ट? कुणाकुणात?"

"सगळ्यांत!"

"किती बघितलेस?"

मी काय बघणार? पण डोकं सटकलं. दुसऱ्या दिवशी शेठ ओरडत असताना दोन दिवसांची रजा टाकली आणि निघालो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. जिथे क्लासची पाटी दिसली तिथे दारात जाऊन उभा. घाटकोपरला वॉचमनने हाकललं. बोरिवलीला सरांना वाटलं मी ॲडमिशनला आलोय. त्यांनी मला पुढच्या बाकावर तासभर बसवलं आणि सहा प्रश्न विचारले. सहाही चुकले.

परत आलो तो थेट वर्गात. "अकरा बघितले. आपलाच बेस्ट!"

"मुलुंडचा कसा आहे?"

"पंखे आहेत. बाकं आहेत. थंड पाणी आहे."

"मग आपला बेस्ट कसा रे?"

"तिथली बाई हसत नाही."

ताई पाठ फिरवून फळा पुसायला लागली. फळा आधीच पुसलेला होता. मग म्हणाली, "ते बेस्ट काढून टाक. जेवढं बघितलंस तेवढंच लिही."

मी लिहिलं, "बेटर दॅन मुलुंड."

पंधरा दिवसांनी एक बॅगवाला माणूस दारात. "पाटी कुणी लावली? मी मुलुंडचा आहे."

मी बाह्या सरसावल्या. "मी लावली! बोला!"

"दोन वर्षं त्या क्लासला काढली मी," तो म्हणाला. "बरोबर लिहिलंय. इथे किती वाजता यायचं?"

*

शनिवारी नवीन काही शिकवायचं नाही. शनिवारी ताई प्रत्येकाच्या नावाने एक ओळ लिहायची. ती ज्याची त्याने मोठ्याने वाचायची, मग सगळ्यांनी तीनदा म्हणायची. आठवडाभर तिने कुणाचं काय बघितलं ते त्या ओळीत असायचं. आम्ही शनिवारची वाट बघायचो ती त्यासाठीच. माझ्याबद्दल एकदा लिहिलं होतं, "बबन इज फास्टर दॅन द क्वेश्चन." कारण ती विचारत असायची आणि मी मध्येच उत्तर ठोकून द्यायचो. चुकीचं! "आधी प्रश्न संपू दे रे, बाबा," ती म्हणायची.

त्या शनिवारी सकाळी तिने माझ्यापुढे नाईट स्कूलचा फॉर्म ठेवला. "सहावीपासून पुन्हा सुरू कर. मी आहे ना." ती आठवडाभर दमलेली होती, जेवत नव्हती. मला दिसत होतं, पण मी बघितलं नाही. मी म्हणालो, "शिकून काय करू? तुझ्यासारखं टायपिंग?"

तिने फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला.

संध्याकाळी तिने ओळी लिहिल्या.

"पाटकरमामा इज यंगर दॅन हिज ब्रदर."

"हिराबाई इज लाउडर दॅन द सायरन."

"नामदेव इज मोअर केअरफुल दॅन अ गोल्डस्मिथ."

"कुंदा इज मोअर पंक्च्युअल दॅन हर साहेब."

मग, "बबन इज," लिहून थांबली. एक रेघ ओढली, "दॅन" लिहिलं, दुसरी रेघ ओढली. आणि खुर्चीत बसली. "चक्कर आल्यासारखं वाटतंय. सोमवारी भरते."

सोमवारी तिचे डोळे पिवळे झाले होते. कावीळ. हॉस्पिटलमध्ये मी तिला विचारलं. मला राहवेना. "ताई, त्या रेघांत काय गं?"

ती हसली. "सोमवारी भरते म्हटलं ना."

"सोमवार गेला."

"पुढच्या." आणि तिने डोळे मिटले. पुढच्या सोमवारी ती नव्हती.

*

फळा कुणी पुसला नाही. वर्गही भरला नाही. पण पुढे पोरं जोर काढायची तशी मधली भिंत हलायची आणि खडू झडायचा. महिनाभरात "गोल्डस्मिथ" अर्धा गेला. माझी ओळ पुसट व्हायला लागली. मी रोज कामावरून येऊन बघायचो. एक दिवस सुचलं. कपाटाचा रंग टिकावा म्हणून आम्ही वरून क्लियर लॅकर, म्हणजे पारदर्शक वॉर्निश, मारतो. फळा तर कपाटाचंच दार! लॅकर मारला की ताईचं अक्षर जन्मभर हलत नाही.

सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांना पटलं.

रविवारी कारखाना बंद असतो. उस्तादांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी रंग शिकलो त्यांनी, माझ्यासाठी येऊन कारखाना उघडला. फळा भिंतीवरून उतरवला. हातगाडीवर ठेवला तर हादरेल, कापड घातलं तर पुसेल. म्हणून मरोळ ते साकीनाका आम्ही तो हातावर नेला. आडवा, अक्षरं आभाळाकडे. पुढे मी आणि नामदेव, मागे कुंदा. नामदेव दर दहा पावलांना म्हणत होता, "लेव्हल, लेव्हल." हिराबाई वाऱ्याच्या बाजूने मच्छीची टोपली आडवी धरून चालली होती. आणि पाटकरमामा वॉचमनच्या ड्रेसमध्ये सगळ्यांच्या पुढे, हात वर करून ओरडत होते, "सरा, सरा! अक्षर जातला!" टेम्पो थांबले. रिक्षावाले थांबले. एकाने वाकून बघितलं आणि विचारलं, "कुणाचं आहे?" मामा म्हणाले, "आमच्या बायचा."

फळा स्टँडवर ठेवला. एक अक्षर झडलं नव्हतं! मी गनमध्ये लॅकर भरला. कॉम्प्रेसर चालू केला. उस्ताद पाण्याची बाटली घेऊन आत आले, त्यांनी फळ्यावर खडू बघितला आणि म्हणाले, "रुक—"

ते मला ऐकू आलं तेव्हा मी ट्रिगर दाबलेला होता.

वरून खाली एक हात. पांढरी अक्षरं ओली झाली, राखाडी झाली, आणि गेली. मी थांबलो नाही. मला वाटलं दुसऱ्या हातात परत येतील. दुसरा हात मारला. काहीच नाही.

"खडू लॅकर पी गया," उस्ताद हळूच म्हणाले. "अब नहीं दिखेगा."

अर्धा तास वाळेपर्यंत आम्ही उभे राहिलो. वाळला. आरशासारखा चकचकीत झाला. त्यात आमचीच तोंडं दिसत होती.

मी गन खाली ठेवली. कुणी मला शिवी द्यावी असं वाटत होतं. हिराबाईने टोपली खाली ठेवली, फळ्याकडे बघितलं आणि एकदम म्हणाली, "पाटकरमामा इज यंगर दॅन हिज ब्रदर."

मामांनी ते पुन्हा म्हटलं. मग सगळ्यांनी. तीनदा. मग "हिराबाई इज लाउडर दॅन द सायरन." मग नामदेवची. मग कुंदाची. फळ्यावर होतं त्याच क्रमाने, त्या रिकाम्या चकचकीत दाराकडे बघत, शनिवारी म्हणायचो तसंच.

मग सगळे म्हणाले, "बबन इज," आणि थांबले.

उस्तादांनी कॉम्प्रेसर बंद केला.

*

लॅकरवर खडू उठत नाही. सोमवारपासून रोज काम सुटल्यावर मी फळा वॉटर पेपरने घासला. लॅकर गेला, त्याखालचा काळा रंग गेला, मी ठोकलेला पोचा पुन्हा दिसायला लागला. शुक्रवारी मॅट काळ्याचे दोन हात मारले. शनिवारी नेऊन भिंतीवर चढवला. हँडलच्या भोकातून दोरी ओवली, डस्टर टांगला. बाहेरच्या पाटीवरची धूळ पुसून घेतली.

सहाला सगळे आले आणि वयाप्रमाणे रांगेत उभे राहिले. नामदेवच्या हातात तीन खडू होते. फळा कोरा होता, फक्त वर एक ओळ मी लिहून ठेवली होती. अक्षर वाकडं आलं होतं.

"ताई इज — दॅन —."

सगळ्यांनी वाचलं. नामदेवने मान हलवली. पास.

"भर की रे," हिराबाई म्हणाली.

मी खडू तिच्या हातात दिला, रांगेत जाऊन उभा राहिलो आणि मामांना म्हटलं, "मामा, जरा अलीकडे सरका. ताईलाही एक जागा ठेवू."